पिंपातला कोळसा: ग्रिलसाठी लाकडी कोळसा घरच्या घरी कसा पाडायचा

बाजारातून आणलेली कोळशाची गोणी सोडली की वरचे चार-पाच तुकडे मस्त मुठीएवढे असतात, आणि खाली हात घातला की निम्मा चुरा, एखादा दगड, आणि हमखास एक लाकूड जे अर्धं काळं आणि अर्धं तपकिरी. ते तपकिरी लाकूड शेगडीत गेलं की जो धूर होतो ना, त्यात पापलेटची पार वाट लागते, सगळ्यांचे डोळे चुरचुरतात आणि कुणीतरी पाहुणा म्हणतो वा काय स्मोकी फ्लेवर आलाय. अहो तो फ्लेवर नाही, तो कच्च्या लाकडाचा डांबरट धूर आहे, कोळसा नीट पडला नाही त्याचा.

मी गेली चार वर्षं वर्षाचा कोळसा स्वतः पाडतो. आमचं थोडं रान दौंडकडे आहे, बांधावर बाभूळ, सुबाभूळ आणि ती वेडी बाभूळ, जिला कच्छकडे गांडो बावळ म्हणतात आणि तिकडे तिचाच कोळसा पाडतात. ती कितीही तोडा, परत येतेच. लाकूड घरचं, पिंप भंगारातलं, मेहनत आपली. पैशाचा हिशोब लावाल तर फार काही वाचत नाही हे आधीच सांगतो, दोन दिवस जातात आणि हाती येतो बारा-तेरा किलो. पण आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं, त्यात पेंट नाही, प्लाय नाही, ओला माल नाही, आणि एकदा असा कोळसा वापरला की गोणीतल्याकडे हात जात नाही.

शिकलो कुठून ते पण सांगतो. शेजारच्या रानात दिवाळीनंतर कोळशाच्या भट्ट्या लागायच्या, त्यासाठी रायगडातून कातकरी कुटुंबं बायकापोरांसकट घाटावर यायची. त्यातल्या एका मामांकडे बसून मी बघितलं, प्रश्न विचारून त्यांना बेजार केलं. ही मंडळी बहुतेकदा ठेकेदाराची उचल घेऊन येतात आणि ती उचल फेडण्यातच हंगाम जातो, काही वेळा पुढचाही जातो. गोणीचा भाव बघताना ही गोष्ट माझ्या डोक्यात असते. असो. मामांची भट्टी मातीची, ट्रॉलीभर लाकडाची, आपल्याला तेवढं नको, आपण पिंपात करू. तत्त्व तेच आहे.

तत्त्व समजून घ्या, नाहीतर नुसती राख होईल

लाकूड जाळलं तर राख होते, आणि हवा न देता तापवलं तर कोळसा होतो. एवढंच. सुक्या लाकडात वजनाने साधारण निम्मा कार्बन असतो, बाकी हायड्रोजन आणि ऑक्सिजन. तापवत गेलं की आधी पाणी जातं, मग दोनशे-अडीचशे डिग्रीच्या पुढे लाकूड आतून फुटायला लागतं, त्यातनं जळणारे गॅस, आम्ल, डांबर असं सगळं बाहेर पडतं, आणि २८० च्या आसपास एक गंमत होते, लाकूड स्वतःच उष्णता सोडायला लागतं, म्हणजे तिथून पुढे भट्टी थोडीफार आपल्या जोरावर चालते. ४५० ते ५०० डिग्रीपर्यंत गेलं की ग्रिलला लागतो तसा कोळसा तयार. त्याच्या आधीच थांबवलं तर तपकिरी, जड आणि धुरकट माल, आणि हवा चालू ठेवून फार ओढलं तर हलका, भुसभुशीत, बोटाने चुरणारा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पिंपाच्या आधी एक छोटा प्रयोग करा, सगळ्यांना मी हाच सांगतो. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या, घट्ट झाकणाचा. झाकणाला मधोमध खिळ्याने एक भोक पाडा. आत सुक्या बाभळीचे अंगठ्याएवढे तुकडे दाबून भरा, झाकण लावा आणि अंगणातल्या चुलीवर किंवा शेकोटीत ठेवा, भोक वर. झाकण आपलं साधं दाबाचंच असू द्या, तारेने बांधू नका, भोक तुंबलं तर झाकण उडालेलं परवडलं, डबा फुटलेला नाही. दहा मिनिटांत भोकातून पांढरी वाफ येते. ती नुसती वाफ, काडी लावलीत तरी पेटत नाही. मग ती वाफ दाट आणि पिवळट होते, वास बदलतो, नाकात आंबट झोंबतं. आता लांब काडी लावा, भोकातून निळसर-पिवळी ज्योत सूं करून उभी राहते, हा लाकडातला गॅस. माझ्या पुतणीने पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा म्हणाली काका हा तर गॅसचा सिलिंडर झाला, आणि खरंच तसंच आहे. ती ज्योत हळूहळू बारीक होते आणि आपोआप विझते, म्हणजे आतलं संपलं. लगेच चिमट्याने डबा बाहेर, भोकावर ओल्या मातीचा गोळा, आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. उघडला की आत लाकडाच्याच आकाराचे काळे तुकडे, सालीच्या रेघासुद्धा तशाच. हा एक डबा जमला की पिंपात काय चाललंय ते न बघता कळायला लागतं.

लाकूड कुठलं घ्यायचं

जड आणि टणक लाकूड, हा एकच नियम. बाभूळ माझ्या मते सगळ्यात उत्तम, कोळसा दाट पडतो आणि निखारा बराच वेळ टिकतो. वेडी बाभूळ तेवढीच चांगली, फक्त काट्यांमुळे तोडताना जीव जातो. सुबाभूळ चालते, जरा हलकी. कोकणातल्यांना सुरूच्या झाडाचं लाकूड, काजूच्या छाटलेल्या फांद्या. पेरू, चिकू, डाळिंब यांची छाटणीतली जाड लाकडं पण मस्त. पांगारा, सावर, शेवगा असलं मऊ लाकूड नको, कापसासारखा कोळसा पडतो, फूं केलं की उडाला. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा फार जोरकस होतो, पण त्या वेगळ्या डब्यात करा, लाकडात मिसळू नका कारण दोघांना वेळ वेगळा लागतो.

काय अजिबात घ्यायचं नाही: रंग दिलेलं, वाळवीचं औषध मारलेलं, प्लाय, सनमायका, जुन्या दाराखिडक्या. पॅकिंगच्या पॅलेटवर शिक्का असतो तो वाचा, एचटी म्हणजे नुसतं तापवून कीड मारलेलं, ते चालेल, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं, ते लांब ठेवा. कण्हेर विषारी, तिची काडीसुद्धा नको. आणि बिब्बा, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात हे गावाकडे पोरांना पण माहीत असतं, त्याचा धूर पण सोसत नाही. द्राक्षाच्या बागा काढतात तेव्हा जाड खोडं फुकट मिळतात, मोह होतो, पण वर्षानुवर्षं त्यांच्यावर बोर्डो आणि बाकी औषधांचे फवारे बसलेले असतात म्हणून खाण्याच्या कोळशाला मी ती घेत नाही.

कायद्याचं पण थोडं. आपल्या रानातलं झाड म्हणून आपण काहीही तोडू शकतो असं नाहीये. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात जी झाडांची यादी आहे तिच्यात साग, खैर, ऐन, किंजळ तर आहेतच पण आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा हे पण आहेत, तेव्हा असलं झाड तोडायचं म्हणजे आधी परवानगी. आणि १९२७ च्या वन कायद्यात लाकडी कोळसा हा वनोपज धरलाय, तो जंगलातून आणलेला असो नाहीतर नसो. म्हणजे घरापुरता पाडून घरीच वापरणं वेगळं, आणि जीपमध्ये दहा गोण्या टाकून निघणं वेगळं, त्याला वाहतूक पास लागू शकतो. विकायचा विचार असेल तर आधी वनखात्याच्या ऑफिसात विचारून या.

वाळवणं, इथेच निम्मे लोक चुकतात

ओल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असतं. ते पाणी घालवायला भट्टीला आधी आपलंच लाकूड जाळावं लागतं, म्हणजे माल कमी आणि धूर डबल. डिसेंबर-जानेवारीत तोडायचं, लगेच कापून फोडायचं आणि एप्रिल-मेपर्यंत पत्र्याखाली हवेशीर रचून ठेवायचं. तुकडा साधारण वीतभर लांब आणि मनगटाएवढा जाड. त्यापेक्षा जाड असेल तर उभा फोडा. सगळे तुकडे साधारण एकाच जाडीचे हवेत, हे फार महत्त्वाचं आहे, एक मांडीएवढा आणि एक अंगठ्याएवढा घातला तर मांडीएवढा आतून कच्चा राहतो तोवर अंगठ्याएवढ्याची राख झालेली असते. साल सुटत असेल तर काढून टाका, तिचा नुसता चुरा होतो.

वाळलंय का ते कसं ओळखायचं? टोकाला चिरा पडतात, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की ठक ठक कोरडा आवाज येतो, हे सगळं बरोबर आहे पण मी त्यापेक्षा भरवशाचं करतो. ढिगातला एक तुकडा घ्यायचा, वजन करायचं, खडूने त्याच्यावर लिहायचं, आणि दर रविवारी परत वजन. आकडा खाली येत राहतो. दोन-तीन आठवडे तिथेच थांबला की समजायचं वाळलं.

पिंप

२०० लिटरचं लोखंडी पिंप, वरचं झाकण पूर्ण निघणारं, पट्टीच्या क्लॅम्पचं. भंगारवाल्याला पहिला प्रश्न भावाचा नाही, ह्यात आधी काय होतं हा विचारा. खाद्यतेल, ग्लुकोज असलं काही असेल तर उत्तम. कीटकनाशक, सॉल्व्हंट, केमिकल असेल तर फुकट दिलं तरी नको. चकचकीत जस्ताचा मुलामा असलेलं पण नको, तापलं की जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की ताप भरतो.

आणि हे नीट वाचा: बंद पिंपाला गॅस कटर किंवा ग्राइंडर लावू नका. आत तेलाची किंवा पेट्रोलसारख्या कशाची वाफ राहिलेली असली तर बॉम्ब फुटतो तसं पिंप फुटतं, त्यात माणसं गेलेली आहेत. झाकण पूर्ण निघणारं पिंप घ्यायचं ते त्यासाठीच. झाकण काढा, साबण-पाण्याने धुवा, उघडं ठेवून वारं लागू द्या, मग उलटं करून बुडाला छिन्नी-हातोडीने पाच भोकं पाडा, दीड-दोन इंचाची, एक मधोमध आणि चार भोवती. आवाज होतो, शेजारी येऊन विचारतात, चालायचंच.

पहिल्यांदा रिकाम्या पिंपात तासभर मोठा जाळ करा, झाकणही त्या जाळात टाका. रंग आणि झाकणाचं रबर सगळं जळून जाऊ दे, ह्या वेळी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा. त्या दिवशी कोळसा पाडायला जायचं नाही.

जागा आणि तयारी

सोसायटीच्या टेरेसवर, बाल्कनीत, पार्किंगमध्ये हा उद्योग करायचा नाही. दोन-अडीच तास दाट धूर निघतो, शेजारी फायर ब्रिगेडला बोलावतील आणि बरोबरच करतील. मोकळं रान पाहिजे, गवत खरवडलेलं, कडब्याच्या गंजीपासून आणि झाडांच्या सावलीपासून लांब. वारा सुटलेला दिवस असेल तर पुढे ढकला, उन्हाळ्यात एक ठिणगी बांधाच्या वाळलेल्या गवतात गेली की वणवा. पाण्याचे दोन कॅन, फावडं, पाच-सहा घमेली चाळलेली माती आणि एक बादली कालवलेला चिखल आधीच हाताशी ठेवा. सुती कपडे, बूट, चामड्याचे हातमोजे. नायलॉनचा टीशर्ट घालून येऊ नका.

सकाळी सहा-सातला सुरू करा, दुपारपर्यंत बंद करून होतं.

भट्टी लावायची

तीन विटा मांडा, त्यावर पिंप उभं, म्हणजे बुडाच्या भोकांतून खालून हवा जाते. तळाला पाचट, काटक्या, बारीक फाटे. पेटवा. चांगला जाळ धरला की बोटाएवढी लाकडं, मग दहा मिनिटांनी मनगटाएवढी, थोडी थोडी करत. इथे घाई केली तर खालचा जाळ गुदमरतो आणि नुसता धूर होतो, मग फुंकत बसायचं. पिंप काठोकाठ भरायचं, तुकडे दाबून, मोठ्या फटी न ठेवता. वजनाने माझ्या पिंपात सत्तर किलोच्या आसपास बसतं.

वरपर्यंत ज्वाळा आल्या की झाकण ठेवायचं पण बंद करायचं नाही, काठावर दोन दगडाच्या चिपा ठेवून त्यावर, म्हणजे सगळीकडून दोन बोटं फट राहते. आणि खाली पिंपाभोवती माती चढवायची, विटांच्या उंचीपर्यंत, वाऱ्याकडच्या बाजूला फक्त पंजाएवढी जागा उघडी. ज्वाळा बसतात आणि दाट पांढरा धूर सुरू होतो. हीच खरी सुरुवात. आता लाकूड जळत नाहीये, भाजतंय.

इथून पुढे खुर्ची टाकून बसायचं आणि धूर बघायचा. मोबाईल बघायचा नाही. मामा तर अर्धा वेळ धुराकडे पाठ करून बसायचे आणि वासावर सांगायचे, आत्ता पाणी जातंय, आत्ता लाकूड लागलं. मला अजून तेवढं येत नाही, मी रंगावर जातो.

पांढरा, ढगासारखा, जड धूर म्हणजे वाफ. माझ्याकडे हे तास-दीड तास चालतं, लाकूड ओलसर असेल तर तीन तास. मग धूर पिवळट-करडा होतो, घशाला लागतो, ह्यात डांबर आणि आम्ल, ह्यात उभं राहू नका. पिंपाच्या बाहेरून बघा, कुठे पत्रा लालसर दिसायला लागला तर तिथे हवा जास्त जातेय, त्या बाजूची माती दाबा. मधून मधून काठीने पिंपाला बाहेरून दोन टोले द्या, आतला माल खाली बसतो. धूर अचानक थांबून फटीतून ज्वाळा येत असतील तर खालचं तोंड अर्धं बुजवा. धूरच मंदावला आणि रंग पांढराच आहे तर तोंड जरा मोठं करा. ही कमी-जास्त करायची सवय दोन-तीन भट्ट्यांत येते.

आणि एकदम वाकून झाकण उचलून आत डोकावू नका! आत जळाऊ गॅस भरलेला असतो, हवा मिळाली की भक्कन भडका उडतो. झाकण हलवायचंच असेल तर बाजूला उभं राहून, लांब सळईने.

साधारण तिसऱ्या-चौथ्या तासाला धूर पातळ होतो, निळसर, उदबत्तीचा असतो ना तसा, आणि झाकणाच्या वर हात-दोन हात धूर न दिसता नुसती गरम हवा थरथरताना दिसते. हा क्षण. ह्याच्या आधी बंद केलं तर कच्चा, आणि ह्याच्या नंतर प्रत्येक दहा मिनिटाला तुमचा कोळसा जळून राख होतोय. थोडाफार गोंधळ वाटला तर मी पाच-दहा मिनिटं उशिराकडे झुकतो, थोडा माल कमी झाला तरी चालेल पण धुरकट नको.

बंद करायचा क्रम: आधी खालचं तोंड, मातीने पूर्ण, वरून चिखलाचा लेप. दहा मिनिटं वरून उरलेला धूर जाऊ द्या. तो जवळजवळ थांबला की चिपा काढून झाकण बसवा, क्लॅम्प आवळा, कडेने सगळीकडे चिखल. आतून गॅस जोरात येत असताना क्लॅम्प आवळायचा नाही, दाब धरतो. मग पिंपाभोवती एक फेरी मारा, कुठून बारीकशी धुराची रेघ जरी येत असेल तर तिथे चिखल. पंधरा मिनिटांनी परत फेरी, अर्ध्या तासाने परत, कारण गरम पत्र्यावर चिखल वाळून तडकतो.

आता हात लावायचा नाही

माझी पहिली भट्टी. बाराला बंद केली, सहाला पिंपाला हात लावून बघितला, कोमट होतं. रात्री मित्र येणार होते, घरचा कोळसा म्हणून मिरवायचं होतं. झाकण काढलं, आत सुंदर काळे तुकडे, एक उचलला, खण्ण वाजला, खूष झालो, फोटो काढले. फोटो काढेपर्यंत मधल्या दोन तुकड्यांच्या कडा लाल दिसायला लागल्या. मी म्हटलं फुंकर मारून विझवू. फुंकर! पाच मिनिटांत अख्खं पिंप लाल झालं, झाकण परत बसवायला गेलो तर क्लॅम्प गरम होऊन बसेना, चिखल वाळलेला. शेवटी दोन कॅन पाणी ओतलं, वाफेचा लोट तोंडावर आला, भुवयांचे केस गेले, आणि निम्मा माल राख आणि निम्मा ओला गाळ. मामा दुसऱ्या दिवशी आले, बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त हसले.

तर किमान चोवीस तास. बाहेरचा पत्रा गार झाला म्हणजे आतलं गार झालं असं नसतं, कोळसा स्वतःची उष्णता आत धरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडायचं, पाणी जवळ ठेवून, माल पत्र्यावर पातळ पसरायचा आणि दोन-तीन तास तिथेच थांबायचं, कुठे एक तुकडा जरी धुमसला तर उचलून बाजूला. गोणीत भरायचा तो त्याच्याही दुसऱ्या दिवशी. ताजा कोळसा गाडीच्या डिकीत टाकून घरी निघायचं नाही, घरात, जिन्याखाली ठेवायचा नाही. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस झोपेतच जातो.

निवडणं

चांगला तुकडा वजनाला हलका पण टणक, दुसऱ्यावर आपटला की काचेसारखा खणखण वाजतो, मोडला की आत काळा चकाकतो आणि हाताला फारसा काळा लागत नाही. तपकिरी, जड निघाले ते पुढच्या भट्टीच्या तळाला टाकायचे, फुकट जात नाहीत. चाळणीखाली जो चुरा पडतो तो कुंड्यांत किंवा शेणखतात मिसळा, एकदम कोरा घालू नका, महिना-दोन महिने खतात मुरू द्या.

सत्तर किलोचे मला बारा-तेरा किलो मिळतात, म्हणजे अठरा टक्क्यांच्या आसपास. पिंपाच्या पद्धतीत वीस टक्के म्हणजे डोक्यावरून पाणी. ह्याहून जास्त हवं असेल तर पिंपात पिंप करायचं: लहान झाकणबंद पिंपात लाकूड, त्याच्या बुडाला चार-पाच बारीक भोकं, ते मोठ्या पिंपात ठेवून भोवती जळण पेटवायचं, म्हणजे आतल्या लाकडाचा गॅस खालच्या भोकांतून बाहेर येऊन स्वतःच जळतो, बिस्किटाच्या डब्याचंच मोठं रूप. धूर पुष्कळ कमी आणि माल पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत, पण बाहेरचं जळण वेगळं लागतं आणि आत एका वेळी पंचवीस-तीस किलोच बसतं. मी एकदा करून बघितलं, चांगलं आहे, पण मला साधं पिंपच बरं वाटतं.

पेटवताना

रॉकेल, पेट्रोल काही नको, त्याचा वास माशाला लागतो. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा घ्या, खालच्या कडेला भोकं पाडा, शेगडीत उभा ठेवा, तळाला गोवरीचा तुकडा आणि कापराच्या दोन वड्या, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांवर पांढरी राख धरते, मग डबा चिमट्याने उचलून निखारे पसरायचे. पहिली दोन-चार मिनिटं बाभळीचा कोळसा तडतडतो, ठिणग्या उडतात, पोरांना लांब ठेवा. निखारे एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी, म्हणजे सुरमईची तुकडी आधी जोरात धरता येते आणि मग कडेला सरकवून आतपर्यंत शिजवता येते. वांगं मात्र थेट निखाऱ्यातच टाका, जाळीवर कशाला. आणि थंडीत शेगडी उरलीये म्हणून खोलीत नेऊन दारं लावून शेकत बसू नका, कारण वर सांगितलंच.

पुढची भट्टी मेमध्ये. गोठ्याच्या पत्र्याखाली लाकडं रचलेली आहेत, त्यातल्या एकावर खडूने ९४० ग्रॅम लिहिलंय, गेल्या रविवारी तो ६९० वर होता आणि अजून उतरतोय.